लहरींच्या निऱ्या

विकृति हा शब्द आपल्याकडे दोन घरीं दोन निरनिराळ्या मानानें नांदतो. वैद्याच्या घरीं विकृति म्हणजे रोग. ती नाहींशी करणें हेंच त्याचें काम. गवयाच्या घरीं मात्र कोमल ऋषभ, कोमल गांधार, तीव्र मध्यम यांना विकृत स्वर म्हणतात, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. ते काढून टाकले तर तोडी, मारवा, भैरवी हे राग उरणारच नाहींत. विजेच्या साहाय्यानें नाद उत्पन्न करणाऱ्या यंत्रांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास वाचीत असतां आम्हांस या दोन घरांची वारंवार आठवण झाली. ज्या विकृतीला हांकलून देण्यासाठीं टेलिफोनच्या इंजिनियरांनीं जिवाचें रान केलें, तीच पुढें कांहीं थोड्या माणसांनीं मुद्दाम घरांत आणून तिला मानाचा पाट दिला. सुटे भाग वायरींनीं वाटेल तसे जोडून ज्यांतून नाद घडवितां येतो अशा सिंथेसायझर नांवाच्या यंत्रांत लहरीला आकार देणारें एक लहानसें विद्युन्मंडल असतें. त्याची ही हकीकत आहे.

प्रथम टेलिफोनची बाजू पाहूं. अमेरिकेसारख्या विस्तीर्ण देशांत एका टोंकाचें बोलणें दुसऱ्या टोंकास पोंचवावयाचें म्हणजे वाटेंत ठिकठिकाणीं त्याला बळ देणारीं यंत्रें बसवावीं लागतात. अशा प्रत्येक यंत्रांत आवाजाची लहर मोठी होतां होतां किंचित् वांकडी होते. एका ठिकाणीं तें कानाला कळतहि नाहीं. पण एकामागून एक अशीं अनेक ठाणीं ओलांडल्यावर बोलण्याचा नुसता गोंगाट उरतो. २ ऑगस्ट १९२७ रोजीं बेल प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनियर हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकवाना कंपनीच्या बोटींतून कामावर चालला असतां त्याला या दुखण्यावर औषध सुचलें, आणि हातांतल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यानें तें समीकरणांत उतरून काढलें. यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या लहरीचा कांहीं भाग उलटा करून पुन्हां आंत सोडावयाचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच खोडून काढतें. कल्पना इतकी विपरीत वाटणारी होती कीं पेटंट हातीं पडावयास १९३७ साल उजाडलें. त्यानंतर मात्र जें मंडल आंत येईल त्याच्या ठराविक पटीनेंच बाहेर देतें, मधें आपल्या पदरचें कांहीं घालीत नाहीं, तें मंडल उत्तम, असा दंडक ठरून गेला. आज घरोघरचे रेडिओ व ग्रामोफोन निर्मळ बोलतात त्याचें बरेंचसें श्रेय ब्लॅक यांच्या त्या नदीवरच्या सकाळीला आहे.

आतां 'पदरचें घालणें' म्हणजे नक्की काय, हें समजलें पाहिजे. आपल्या संगीतग्रंथांत नादाचे तीन गुण सांगतात: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि जाति. सनईंतून, सतारींतून व गळ्यांतून एकच षड्ज तितक्याच मोठ्यानें काढला तरी डोळे मिटून आपण तिन्ही ओळखतों, तें जातीवरून. ही जाति कशानें ठरते याचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनीं १८६३ च्या आपल्या ग्रंथांत केला. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे उपस्वर निघत असतात. त्यांतला कोणता किती प्रमाणांत आहे त्यावर नादाची जाति अवलंबून असते. तंबोऱ्यांतला स्वयंभू गांधार हा असाच एक उपस्वर. ज्या लहरींत एकहि उपस्वर नाहीं ती कागदावर काढली तर अगदीं गोलाईची, साधी दिसते, आणि कानाला निर्मळ पण कंटाळवाणी लागते. तिला कोठेंहि वांकविली कीं उपस्वर जन्मले. टेलिफोनवाला ज्याला विकृति म्हणतो ती दुसरें तिसरें कांहीं नसून नव्या उपस्वरांची उत्पत्ति होय. बोलणाऱ्याच्या आवाजांत ते आगंतुक म्हणून नकोसे. पण जेथें नादच नवा घडवावयाचा तेथें ते आगंतुक कसे?

विजेचा आणि नादाचा संबंध जोडला जाण्याच्या कितीतरी आधीं ही गोष्ट हिंदुस्थानांतल्या कारागिरांना हातानें कळलेली होती. मिरजेच्या तंबोरेवाल्यानें बसविलेली घोडी जवळून पाहावी. इतर देशांतल्या तंतुवाद्यांची घोडी धारेसारखी अरुंद असते, म्हणजे तार तिच्यावर एकाच बिंदूवर टेंकते. आपली घोडी रुंद आणि पाठीवर किंचित् उतरती. तार हलूं लागली कीं ती या उतरत्या पाठीला क्षणांत टेंकते, क्षणांत सुटते. आणि खालीं सुताचा दोरा बरोबर जागीं सरकविला म्हणजे तो झंकार उठतो ज्याला जवारी म्हणतात. कानशीचे दोन हात कमीजास्त झाले तर खुली जवारी बंद होते. कलकत्त्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी तो बिंदु ज्या उपस्वरांत स्थिर राहतो ते उपस्वर त्या आवाजांत असूं नयेत, असा थॉमस यंग यांचा जुना नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम उघड उघड मोडतात, जे उपस्वर नसावयाचे तेहि त्यांच्यांत ठणठणीत ऐकूं येतात, आणि याचें कारण ती घोडीच, असें रामन यांनीं दाखवून दिलें. जवारी आणि विजेचें मंडल हीं एकच आहेत असें म्हणणें ओढाताणीचें होईल; तंबोऱ्यांत हलणारी तारच बदलते, तर मंडलांत तयार झालेली लहर मागाहून वांकविली जाते. पण जें सरळ चाललें आहे त्याला मधेंच अडवून उपस्वर काढावयाचे, हें बीज दोहोंकडे सारखेंच आहे.

अमेरिकेंत विकृतीला लोकांच्या कानांत जागा मिळाली ती मात्र अपघातानें. १९६० सालीं नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें असतां मुद्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांची गिटार एकाएकीं भुंग्यासारखी गुणगुणूं लागली. तो बिघाड तसाच राहूं दिला गेला. पुढच्या वर्षीं गाणें गाजलें. ग्लेन स्नॉडी या इंजिनियरानें मग तोच बिघाड हुकमानें घडवून आणणारें मंडल बनविलें, आणि १९६२ त तें पायानें दाबावयाच्या पेटीच्या रूपानें बाजारांत आलें. या पेटीचें काम धसमुसळेपणाचें होतें. तिनें लहरीचा माथा कापला, एवढेंच. त्याहून नाजूक काम करणारे लोक याच सुमारास अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवर कामाला लागले होते.

पूर्वेकडे न्यूयॉर्क संस्थानांत रॉबर्ट मोग. (आमच्याकडे त्यांना 'मूग' करून टाकतात, खरा उच्चार 'मोग'.) संगीतरचनाकार हर्बर्ट डॉइच यांच्याबरोबर त्यांनीं १९६४ सालीं आपले पहिले सुटे भाग तयार केले. त्यांची रीत शिल्पकाराची. करवतीच्या दातांसारखी लहर घ्यावयाची, कारण तिच्यांत सारे उपस्वर खच्चून भरलेले असतात. आणि मग गाळणीनें नको तेवढे काढून टाकावयाचे. ही गाळणी त्यांनीं अशी कांहीं साधली कीं १९६९ सालीं तिचें पेटंट त्यांना मिळालें, आणि तिच्या गोडीनें मोग यांचें नांव जगभर झालें. १९६८ त वेंडी कार्लोस यांनीं याच यंत्रावर बाखच्या रचना वाजवून जी तबकडी काढली तिनें तर हें नांव घरोघर नेलें. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्येंहि १९६९ सालीं डेव्हिड ट्यूडर यांनीं मोग यांचें एक यंत्र उभें करून दिलें होतें. त्यावर गीता साराभाई प्रभृतींनीं केलेलें काम कित्येक दशकें फितींत पडून होतें, तें २०२३ सालीं तबकडीच्या रूपानें लोकांपुढें आलें.

पश्चिमेकडे सॅन फ्रान्सिस्कोंत डोनाल्ड बुक्ला. बर्कलीला पदार्थविज्ञान शिकलेला हा मनुष्य तेथल्या टेप म्यूझिक सेंटरच्या मॉर्टन सुबॉटनिक व रामोन सेंडर या दोघां रचनाकारांच्या सांगण्यावरून यंत्र करूं लागला. त्या कामीं रॉकफेलर निधींतले ५०० डॉलर खर्ची पडले. बुक्ला यांना पियानोची पट्टी नको होती. पट्टी आली कीं मागोमाग जुनें संगीत येतें, ही त्यांची पक्की समजूत. त्याचप्रमाणें आधीं भरपूर घेऊन मागाहून काटछाट करण्याची पद्धतहि त्यांना मनापासून भावली नाहीं. त्यांनीं उलट बाजूनें सुरुवात केली: अगदीं साधी, निरुपस्वर लहर घ्यावयाची, आणि तिला मंडलांतून काढतां काढतां समृद्ध करावयाची. १९७० त निघालेल्या त्यांच्या २०० क्रमांकाच्या मालिकेंत २५९ या आंकड्याचा जो भाग आहे त्यांत ही कल्पना पूर्णत्वास गेलेली दिसते.

या दोन पद्धतींना आतां 'पूर्वकिनारा' व 'पश्चिमकिनारा' अशीं नांवें पडलीं आहेत. आमच्या मतें ही वांटणी जितकी सुटसुटीत तितकीच फसवी आहे. बहुतेक सिंथेसायझरांत करवतीच्या लहरीपासून त्रिकोणी लहर करतात ती तिचा खालचा अर्धा भाग वर उलटवून. आणि त्रिकोणाचीं टोंकें बोथट करून साधी गोल लहर काढतात. हें लहरीला आकार देणेंच झालें. शिवाय मोग यांच्या गाळणींतले ट्रान्झिस्टर जोराची लहर आली कीं तिला थोडें दाबतात, आणि त्या गाळणीची जी ऊब रसिक वाखाणतात तिचा कांहीं अंश या दाबण्यांतच आहे. म्हणजे विकृति मोग यांच्या घरींहि होती. बुक्ला यांनीं तिला ओटीवर बसविली, एवढाच फरक.

आतां मुख्य मंडलाकडे वळूं. लहरीला वांकविण्याचे प्रकार पुष्कळ, पण त्यांतले दोन ओळखले म्हणजे बाकीचे आपोआप उमगतात. पहिला कात्रीचा. सिलिकॉनचा डायोड सुमारें ०.६ व्होल्टपर्यंत दार लावून बसतो; त्यापलीकडे दार उघडून तो वीज वाहूं देतो. असे दोन डायोड उलटसुलट जोडून लहरीच्या वाटेंत टेंकविले कीं ती वर किंवा खालीं ठराविक उंचीपलीकडे जाऊंच शकत नाहीं. माथा सपाट होतो. गिटारच्या पेटींतला हा प्रकार. यांत खोट अशी कीं लहर चांगली सपाट झाल्यावर ती कितीहि मोठी करा, फरक पडत नाहीं. कापलेलें कापड गेलें तें गेलें.

दुसरा निऱ्यांचा. लुगडें नेसतांना कमरेशीं जें जास्तीचें कापड राहतें तें कोणी कापून टाकीत नाहीं. त्याच्या निऱ्या घालून तें खोंवतात. या प्रकारच्या मंडलांतहि उंबरठा ओलांडणाऱ्या लहरीचा माथा कापला न जातां उलट वळविला जातो. वर जाणारी रेषा खालीं येऊं लागते, लहर आपल्या मूळ शिखरास पोंचून मागें फिरली कीं तीहि पुन्हां वर चढते. एका शिखराच्या जागीं दोन शिखरें व मधें एक दरी, अशी आकृति तयार होते. लहर आणखी मोठी करा: दरी खोल होत होत खालच्या उंबरठ्यास लागते आणि तिच्या तळांतून नवें शिखर उगवतें. कापड जितकें अधिक तितक्या निऱ्या अधिक.

कानाला याचा परिणाम काय होतो? समजा मूळ लहर सेकंदास १०० आंदोलनांची आहे. वरच्या व खालच्या निऱ्या सारख्या असतील तर नवे उपस्वर निघतात ते फक्त विषम पटींचे, ३००, ५००, ७०० असे. आवाजांत क्लॅरिनेटसारखी पोकळी येते. मंडलांत शिरण्यापूर्वीं लहर थोडी वर सरकवून दिली तर निऱ्यांचा समतोल मोडतो, आणि २०० व ४०० चे सम उपस्वरहि येऊन ती पोकळी भरून काढतात. पण खरी गंमत निऱ्या वाढत असतांना आहे. मोग यांची गाळणी हळूहळू उघडली तर उपस्वर खालून वर ओळीनें येतात, आणि आलेला परत जात नाहीं. निऱ्यांत तसें नाहीं. प्रत्येक उपस्वर चढतो, उतरतो, नाहींसा होतो आणि पुन्हां उगवतो, प्रत्येक आपापल्या वेळीं. निरीचें वळण अगदीं गोलाईचें धरून हिशेब केला तर पहिल्या उंबरठ्याच्या सुमारें २.४४ पट उंची झाली असतां खुद्द मूळ १०० आंदोलनांचा स्वरच लोपतो, मागें केवळ उपस्वरांची प्रभावळ राहते. आणि जरा पुढें गेलें कीं तो परत येतो. हा हिशेब ज्या गणितानें करतात तें जर्मन ज्योतिषी बेसेल यांनीं ग्रहांच्या भ्रमणासाठीं मांडलें होतें. त्यांच्या स्वप्नांतहि हा उपयोग आला नसेल.

बुक्ला यांच्या २५९ मध्यें निऱ्या घालणाऱ्या पांच शाखा शेजारींशेजारीं असतात, आणि सहावी वाट सरळ. प्रत्येक शाखेचा उंबरठा वेगळा. लहर तेथवर पोंचेपर्यंत ती शाखा मूग गिळून बसते, पोंचतांच आपला वांटा बेरजेंत किंवा वजाबाकींत घालते. सहांची गोळाबेरीज म्हणजे निऱ्यांची लहर. उंबरठे कोठें ठेवावे व वांटे किती द्यावे हें सगळें ठराविक रोधकांच्या मापांत बांधून टाकलेलें आहे, आणि बुक्ला यांचा कान त्या मापांत गोठलेला आहे असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

हींच फळें ज्याला परवडत नव्हतीं अशा विद्यार्थ्यांसाठीं दुसरें झाड सर्ज चेरेपनिन यांनीं लावलें. सर्ज यांचा जन्म १९४१ सालीं फ्रान्समध्यें. आजोबा निकोलाय व वडील अलेक्झांडर हे दोघेहि नांवाजलेले रशियन रचनाकार, आई ली ह्सिएन मिंग ही चिनी पियानोवादक. अशा घरांतला मुलगा बालपणापासून संगीतांत वाढावा यांत नवल नाहीं, पण यानें हातांत घेतली ती डाग देण्याची इस्त्री. १९७० नंतर तो कॅलिफोर्नियाच्या कलासंस्थेंत शिकवूं लागला. तेथें बुक्ला यांचीं यंत्रें होतीं, परंतु तीं महाग आणि त्यांच्याजवळ बसावयास मिळणार केव्हां, हा विद्यार्थ्यांचा रोजचा प्रश्न. तेव्हां सर्ज यांनीं विद्यार्थ्यांना जवळ घेऊन त्यांच्याचकडून सुटे भाग जुळवून घेण्यास आरंभ केला. 'लोकांचा सिंथेसायझर' अशा नांवानें हा उद्योग ओळखला गेला. आम्हांस या हकीकतींत सर्वांत लोभस वाटणारें प्रकरण हेंच. जें वाद्य श्रीमंत संस्थेच्या कुलुपांत होतें तें पोरांनीं आपल्या हातानें डाग देऊन आपलें केलें.

सर्ज यांच्या 'वेव्ह मल्टिप्लायर' या भागांत लहरीचे तीन निरनिराळे खण आहेत. त्यांतल्या मधल्या खणाची रचना बुक्ला यांच्या उलट. येथें सहा घरें एकापुढें एक. पहिल्यानें निरी घालून दिलेली लहर दुसरा पुन्हां दुमडतो, दुसऱ्याची तिसरा. प्रत्येक घरांत तेच दोन डायोड, ज्यांच्यापासून गिटारची पेटी कात्री बनविते. पण एक वर्धक जोडीला दिला कीं कात्रीची निरी होते. एकाच धातूची सुरीहि होते आणि पळीहि, तसेंच हें.

तिसऱ्या एका मंडलाचा वंशवृक्ष आणखी विचित्र आहे. १९७३ सालीं लॉकहार्ट या इंजिनियराचा एक लेख अमेरिकेंतल्या धंदेवाईक मासिकांत आला. त्याला संगीताशीं कांहीं देणेंघेणें नव्हतें. ट्रान्झिस्टर तृप्त होतांना जी गंमत करतो तिचा उपयोग करून कोणत्याहि लहरीचीं आंदोलनें तिप्पट कशीं करावीं, एवढाच विषय. पुढें ऑस्ट्रेलियाच्या केन स्टोन यांनीं हें मंडल सिंथेसायझरांत आणून बसविलें, आणि आज तें लॉकहार्टची निरी म्हणूनच ओळखलें जातें. तिप्पट करणें आणि निरी घालणें एकच कसें, असें वाचक विचारतील. एका शिखराच्या जागीं तीन आलीं म्हणजे तिप्पट झालीच कीं.

एवढा खटाटोप कशासाठीं, याचें उत्तर योगायोगानें तिसऱ्याच ठिकाणीं मिळालें. ब्लॅक ज्या बेल प्रयोगशाळेंत होते तेथेंच १९६४ च्या सुमारास झां-क्लोद रिसे हे फ्रेंच रचनाकार व शास्त्रज्ञ गणकयंत्राकडून तुतारीचा आवाज काढवूं पाहात होते. पुस्तकांत दिलेल्या प्रमाणांत उपस्वर मिळवूनहि तुतारी कांहीं केल्या तुतारी वाटेना. शेवटीं खऱ्या तुतारीचें पृथक्करण केल्यावर दिसलें कीं उपस्वरांचें प्रमाण ठराविक नाहींच; फुंक जसजशी जोराची तसतसे वरचे उपस्वर अधिकाधिक उसळतात. लहानमोठेपणा आणि जाति हे ग्रंथांत दोन वेगळे गुण असले तरी जिवंत वाद्यांत ते हातांत हात घालून चालतात. ढोलकीवर थाप हलकी पडली आणि जोरानें पडली तर आवाज नुसता मोठा होत नाहीं, त्याची जातच पालटते. आतां निऱ्यांच्या मंडलाचा स्वभाव नेमका हाच नाहीं का? लहर लहान तर साधी, मोठी तर समृद्ध. सरळ मंडलाला ही गोष्ट जन्मांत साधणार नाहीं, कारण लहानाला आणि मोठ्याला एकाच मापानें मोजणें हा तर त्याचा दंडक.

या मंडलांचें गणित एका रशियन माणसाच्या कागदांत तयारच पडून होतें. पाफ्नूती चेबिशेव्ह यांनीं १८५४ त वाफेच्या एंजिनांतल्या जेम्स वॉटच्या दांड्यांचा अभ्यास करतांना कांहीं सूत्रें मांडलीं. त्यांतलें तिसरें असें: संख्येच्या घनाची चौपट करावी व त्यांतून मूळ संख्येची तिप्पट वजा करावी. एक एवढ्या उंचीची साधी लहर या सूत्रांतून काढली तर बरोबर तिच्या तिप्पट आंदोलनांची साधी लहर बाहेर येते, मूळ स्वराचा मागमूसहि राहात नाहीं. आणि तीच लहर अर्ध्या उंचीची करून सोडली तर? मूळ स्वर प्रबळ होतो आणि तिप्पटीचा उपस्वर त्याच्या नवव्या हिश्शाइतकाच राहतो. तुतारीचीच गोष्ट, फक्त आंकड्यांत. मार्क ले ब्रन व दानियेल आर्फिब यांनीं १९७९ सालीं, स्वतंत्रपणें, हीं सूत्रें वापरून गणकयंत्राला लहरी वांकविण्यास शिकविलें.

बुक्ला २०१६ त वारले. निऱ्यांचीं मंडलें मात्र तोंपर्यंत पुष्कळांच्या हातीं गेलीं होतीं. १९९५ त जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनीं सुट्या भागांसाठीं जें लहान माप रूढ केलें त्या मापाच्या पेट्यांतून तीं आज स्वस्तांत मिळतात. ज्यांना पेटीहि नको ते गणकयंत्रावरच तीं उतरवूं पाहतात, आणि तेथें अडचण उभी राहते. निरीचा कोंपरा जितका तीक्ष्ण तितके उपस्वर वर धांवतात, त्यांना अंत नाहीं. विजेच्या तारेंत ते कानाच्या पलीकडे जाऊन विरतात, कोणाला त्रास होत नाहीं. गणकयंत्र मात्र लहरीचीं सेकंदास ४४,१०० मोजमापें घेत असेल तर २२,०५० आंदोलनांच्या वरचें त्याला कांहीं ओळखतां येत नाहीं. २५,००० चा उपस्वर त्याच्याकडून १९,१०० चा म्हणून परत येतो, आणि मूळ स्वराशीं कसलेंहि नातें नसलेला तो पाहुणा सगळी मैफल बिघडवितो. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१७ सालीं बुक्ला, सर्ज व लॉकहार्ट या तिघांच्याहि मंडलांचे गणिती नमुने प्रसिद्ध केले, त्यांत मंडलाच्या वर्णनाइतकीच जागा या परत येणाऱ्या पाहुण्यांच्या बंदोबस्ताला गेली आहे.